सोलर घालायच्या आधी खडू घेऊन गच्चीवर जावा

मी बेळगावातल्या वडगावचा. वायरमनचं काम बावीस वर्षं करतोय, सोलर बसवायला लागून चार-पाच झाली असतील. पण सगळ्यात मोठी चूक गिऱ्हाइकाकडं नाही, स्वतःच्याच गच्चीवर केली. ती सांगतोच, पण आधी बिलाकडं बघू.

हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, बारा महिन्यांची बिलं काढा. बिल कन्नडात असतं, आमची आई शेवटचा आकडा तेवढा बघून माझ्याकडं सरकवते. तुम्ही रुपये बघू नका, युनिट बघा. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, तुमच्या 2022-23 च्या सरासरीवर दहा टक्के वाढवून हद्द ठरते. त्या हद्दीत बसलात तर बिल शून्य. हद्दीच्या वर पण 200 च्या आत गेलात तर वरचे युनिट भरायचे. 200 ओलांडलं की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं.

शहापूरच्या एका मावशींनी मला सोलर घालायला बोलावलं होतं. नव्वद-पंच्याण्णव युनिट, बिल झिरो. "शेजारणीनं घातलंय, मग आम्ही का मागं राहायचं?" मी म्हटलं, "मावशी, जे बिल येतच नाही ते वाचवायला लाखभर कशाला घालायलाय?" चहा पिऊन परत आलो. धंद्याला खोट, पण त्या घरात ते पैसे कधीच वसूल झाले नसते. शून्य बिलवाल्यांनी हा लेख इथंच सोडला तरी चालतंय.

आता आमचं घर. तीन भाऊ, एक मीटर, महिन्याला 340 च्या आसपास युनिट. 3 किलोवॅटचं कोटेशन 1,95,000 चं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे 78,000 अनुदान. त्याच्या वर कितीही पॅनेल घाला, अनुदान तेवढंच. खिशातले राहिले 1,17,000. पण अनुदान खात्यावर येतं ते सगळं बसून, नेटमीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून, तपासणी झाल्यावर. तोवर पूर्ण रक्कम तुमचीच अडकते, हे एजंट घाईघाईत सांगतो.

एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर सूर्य रजेवर असतो, खानापूरच्या बाजूला तर जास्तच. म्हणून मी 3 किलोवॅटला वर्षाचे 4,000 युनिट धरतो. युनिटला सहा रुपये धरले तर 24,000 वाचले, म्हणजे पैसे फिटायला पाच वर्षं. स्थिर आकार सुटत नाही, तो बिलात राहतोच. पॅनेलची हमी 25 वर्षांची असली तरी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा, तेवढा टिकत नाही. एकदा तरी बदलावा लागणार, ते पैसे आत्ताच हिशेबात धरा. आणि "जास्तीची वीज विकून कमवा" याला भुलू नका. आपण घेतो त्या दरापेक्षा हेस्कॉम आपल्याकडून घेतं तो दर बराच कमी असतो. वापराएवढंच घाला. नेटमीटर लागल्यावर गृहज्योतीचा हिशेब तुमच्या बिलात कसा धरणार, हे सही करायच्या आधी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात विचारून घ्या.

कागदाचं एकच सांगतो. मीटर आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या, बँक खातं तुमचं, असं निम्म्या घरांत असतं. अर्ज तिथंच अडकतो. आरआर नंबर, म्हणजे बिलावरचा मीटर जोडणीचा नंबर, ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावानं अर्ज जातो, म्हणून नाव बदलायचं काम आधी उरका.

आता माझी चूक. गच्चीची पाहणी केली मे महिन्याच्या सुरुवातीला. दुपारी साडेबाराला उभा राहिलो तर सावली पायाखालीच. बेळगाव पावणेसोळा अक्षांशाच्या जरा वर आहे, म्हणून त्या दिवसांत सूर्य अगदी डोक्यावर येतो. पुढं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तर दुपारची सावली दक्षिणेला पडते. पाण्याची टाकी पॅनेलच्या दक्षिणेला होती, मला काहीच अडचण दिसली नाही. बसवून टाकलं. डिसेंबरात मोबाइलवर आकडा बघतोय तर दिवसाला आठ-नऊ युनिट! ऊन तर कडक, आभाळ निळं. वर जाऊन बघितलं तर टाकीची सावली खालच्या ओळीवर आडवी पडलेली. कट्टा धरून टाकीची उंची नऊ फूट, आणि त्या महिन्यात ऐन दुपारी सावली साडेसात फूट, सकाळी तर त्याहून लांब. पॅनेल एकामागं एक जोडलेले असतात. नळाच्या पाइपवर कुठंही पाय दिला तरी पुढची धार बारीक होते, तसंच हे. दोनच पॅनेलवर सावली, पण फटका सगळ्या ओळीला.

म्हणून खडू घ्या. डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीनला टाकी, जिना, शेजारचा माड, सगळ्यांच्या सावलीच्या कडा गच्चीवर आखा. डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर एवढं ध्यानात ठेवा: दक्षिणेला जे काही उभं आहे, त्याच्या उंचीच्या निदान सव्वापट जागा उत्तरेकडं मोकळी सोडा. पॅनेलची तोंडं दक्षिणेला, उतार पंधरा अंशांच्या आसपास. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट लागतात. आमच्या घरात सांडगे-पापड वाळवायला जागा राहिली नाही म्हणून वहिनींनी आठ दिवस अबोला धरला, शेवटी स्ट्रक्चर उंच करून घेतलं. त्याचे पैसे वेगळे, आणि उंच केलं की वारंही जास्त लागतं, बोल्ट जाड घाला.

पैसे देताना तीन गोष्टी बघा. अनुदान हवं असेल तर पॅनेल डीसीआर पाहिजे, म्हणजे आतला सेलसुद्धा भारतातच बनलेला. अर्थिंगचे खड्डे तीन: पॅनेलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं वेगळं. वळवाच्या पावसात कडकडाट कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको, तरी एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून गेलेले मी बघितलेत. तिसरी गोष्ट, लाइट गेली की साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनीला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर लाइनमन काम करत असतो, आपल्या गच्चीवरनं उलटी वीज गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लाइट गेल्यावर पंखा पाहिजे असेल तर बॅटरीवालं घ्यावं लागतं, त्याचा खर्च वरच्या हिशेबात नाही.

एप्रिलात आकडा पडला म्हणून गिऱ्हाइकांचे फोन येतात. बिघाड नसतो. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का. साठ अंशांवर गेलं की बारा टक्के गेलेच. खरी मजा पावसाळा सरल्यावर, धुतलेल्या आभाळात. तांबडी धूळ मात्र पंधरा दिवसांतनं एकदा धुवा, साखर कारखान्याजवळ असाल तर गळीत हंगामात जरा लवकर. धुवायचं ते पहाटे. तापल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग उरतात, ते मऊ फडक्यानं लगेच पुसा.

आमची टाकी जानेवारीत जिन्याच्या उत्तरेला हलवली. प्लंबरनं 4,200 घेतले, वर म्हणाला, "सोलरवालं कोण हो तुमचं? आधी बघितलं नव्हतं काय?"