बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टची निगा : या चुका टाळा

बेदाण्याच्या हंगामात तासगावकडच्या एका शीतगृहातून मला फोन आला, की गाडी चालते, पण फोर्क (माल उचलणारे पुढचे दोन दांडे) वर जात नाहीत. मी पोहोचेपर्यंत तेथील मंडळींनी हायड्रॉलिक पंप गेल्याचे ठरवून नटबोल्ट सैल करायला घेतले होते. मीटरवर मात्र चार्जिंगची शेवटची काडी उरली होती. बॅटरी साधारण २० टक्क्यांवर आली की तिचे रक्षण व्हावे म्हणून अनेक गाड्या उचलण्याचे काम आपोआप बंद करतात. म्हणून पंपाला हात लावण्याआधी मीटर पाहावा.

खरा प्रश्न पुढे होता, तो म्हणजे रात्री पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दुपारीच का उतरावी? थंड खोलीत बॅटरी कमी काम देते हे खरे असले, तरी इतकी लवकर ती उतरत नाही. झाकणे उघडली तेव्हा काही सेलमधील (बॅटरीच्या कप्प्यांमधील) शिशाच्या प्लेटा पाण्याबाहेर कोरड्या पडलेल्या दिसल्या आणि टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचला होता. वर, पाणी बोअरचे घातले जात होते. त्यातील क्षार आणि लोह प्लेटांचे कायमचे नुकसान करतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन या नुकसानीपुढे फार स्वस्त पडतो, हे मी प्रत्येक मालकाला कळकळीने सांगतो.

पाणी घालण्याची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. चार्जिंग होताना आतले द्रावण फुगते. आधीच काठोकाठ भरले, तर आम्ल बाहेर सांडते, द्रावण पातळ होते आणि बॅटरीचा लोखंडी डबा गंजतो. त्यामुळे पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावरच घालावे; प्लेटा उघड्या असतील, तर आधी त्या बुडतील एवढेच घालावे. कमी झालेल्या पाण्याच्या जागी आम्ल कधीही ओतू नये. ४८ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे २४ सेल असतात, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक सेल हायड्रोमीटरने (द्रावणाची घनता मोजणाऱ्या नळीने) तपासावा. पूर्ण चार्ज झालेल्या सेलची घनता १.२८ च्या आसपास असते. एखादाच बराच खाली दिसला, तर दोष तेथे शोधावा.

जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास प्लग लावण्याची सवय अशा लेड-ॲसिड (शिसे आणि आम्लाच्या) बॅटरीचे आयुष्य खाते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले, की ठिणगीने स्फोट होऊ शकतो; त्या खोलीत खिडक्या उघड्या हव्यात, बिडी-काडी अजिबात नको. गोल्फ कार्टलाही हेच नियम लागू आहेत. तिच्या जुन्या संचात एकच नवी बॅटरी बसवली, तर तीही लवकर खराब होते.

चालवतानाची मोठी चूक वजनाच्या अंदाजाची असते. १५ किलोचे ६० बॉक्स म्हणजे ९०० किलो. दीड टन क्षमतेच्या गाडीला ते सहज पेलावेत असे वाटते. पण ती क्षमता सामान्यतः भाराचा मध्य फोर्कच्या टाचेपासून (मुळाशी असलेल्या वळणापासून) ५०० मिलिमीटरवर असताना धरलेली असते. पॅलेट (माल रचण्याची चौकट) पूर्ण आत न घेता टोकावर उचलला किंवा फार उंच नेला, तर क्षमता घटते आणि मागची चाके हलकी होतात. मागची चाकेच वळत असल्यामुळे स्टिअरिंगही हाताबाहेर जाते. गाडीवरच्या पाटीवरील क्षमतेचा तक्ता चालकाला वाचता आलाच पाहिजे.

उतारावरून भार घेऊन येताना गाडी रिव्हर्समध्ये, भार चढाच्या बाजूला ठेवून आणावी, आणि उतारावर वळू नये. तरीही ती कलंडू लागलीच, तर उडी मारू नये. पट्टा लावलेल्या चालकाने स्टिअरिंग घट्ट धरून, पाय रोवून, पडणाऱ्या बाजूच्या विरुद्ध झुकावे.