पियानो आणि चित्रं एकाच कार्यक्रमात आणायची असतील तर

सगळ्यात आधी हे ठरवा की कान पुढे की डोळे, कारण दोन्ही एकदम समोर ठेवलं की डोळेच जिंकतात, लोक चित्र बघत बसतात आणि पियानोचं पार्श्वसंगीत होऊन जातं. मी तरी कानाच्या बाजूने आहे. तुकडा वाजू दे, संपू दे, मग त्यावरून काढलेल्या चित्रावर लाइट. फ्रेंच संगीतकार देबुसीने १९१०च्या आसपास प्रील्यूड्स, म्हणजे पियानोचे छोटे तुकडे, लिहिले तेव्हा हेच केलं होतं, प्रत्येक तुकड्याचं नाव वर न छापता शेवटी, कंसात. आधी ऐका, मग सांगतो काय ते.

रचना कुठल्या घ्यायच्या? कुणीतरी रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीचं 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' सुचवणारच. छानच आहे, पण तिथे गाडी उलटी आहे, आधी त्याच्या मित्राची, हार्टमानची चित्रं होती आणि त्यावरून १८७४मध्ये संगीत आलं, आणि अंड्यातून बाहेर न आलेल्या पिल्लांचा नाच असं नावच असेल तर तुमच्या चित्रकाराने वेगळं काय काढायचं हो? त्यापेक्षा बिननावाचं घ्या. संगीतकार शोपँचे ओपस २८चे (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) २४ प्रील्यूड्स आहेत, काही मिनिटभरही नाहीत, त्यातले सहासात निवडले तरी पुष्कळ झालं.

आता चित्रकाराचं काम, आणि इथे घाई नको. रेकॉर्डिंग पाठवून मोकळे होऊ नका, कार्यक्रमात जो वाजवणार त्याच वादकाच्या रियाजाला त्याला बसवा, कारण तोच तुकडा एक जण रेंगाळत वाजवतो आणि दुसरा चालत सुटतो, चित्र बदलतंच. शोपँचा चौथा प्रील्यूड घ्या, ई मायनर या स्वरपट्टीतला. उजवा हात बराच वेळ शेजारच्या दोन सुरांत घुटमळतो आणि डाव्या हाताचे कॉर्ड्स (एकदम वाजणारे तीनचार सूर) अर्ध्याअर्ध्या सुराने खाली खाली सरकत जातात. यावर खिडकी, पाऊस आणि एकटी बाई काढली की संपलं सगळं, पण वर एक रेघ तशीच ठेवून खालचा करडा रंग थरथराने गडद करत नेला तर ऐकलेलं दिसतं. चित्रकार कँडिन्स्कीने १९११मध्ये म्युनिकला संगीतकार शोनबर्गच्या रचनांची मैफल ऐकून चित्र काढलं त्यात पियानोचा नुसता काळा आकार आहे आणि बाकी पिवळ्याचा पूर! तैलरंग असतील तर महिने आधी सुरुवात करा, जाड थर लवकर वाळत नाही आणि हॉलमध्ये टर्पेंटाइनचा वास नको. ॲक्रेलिक असेल तर हा प्रश्नच नाही.

मांडणीत सगळे एकाच ठिकाणी चुकतात. ग्रँड पियानोचं झाकण उघडलं की त्याच्यामागचं पुढच्या रांगांना दिसत नाही, म्हणून चित्रं मागे लावायची तर झाकणाच्या वर, नाहीतर सरळ बाजूला. काचेची फ्रेम नको, लाइट चमकतो. आणि खिळे, ड्रिल, शिड्या सगळं ट्यूनर, म्हणजे पियानोच्या तारा सुरात लावणारा, यायच्या आधी उरका, आमच्याकडे एकदा तो बिचारा एकेक तार ऐकत बसलेला आणि मागे भिंतीत ड्रिल चालू, शेवटी सामान उचलून बाहेर जाऊन बसला. लाइटही ट्यूनिंगच्या आधीच चालू करून हॉल तापू द्या, गरमीने सूर हलतो.

लाइटवाल्याशेजारी नोटेशन वाचणारा कुणीतरी बसवाच. त्या चौथ्या प्रील्यूडमध्ये शेवटी सगळं थांबतं, नीट थांबतं, संपलंच असं वाटतं, आमचा लाइट तिथेच लागला, टाळ्याही पडल्या, आणि वादकाचे हात अजून हवेत. अजून तीन कॉर्ड्स असतात. ते मोजायचे, तिसरा पूर्ण विरू द्यायचा, हात मांडीवर आले की मग बटण.