निकालाच्या रात्री आघाडी सरकारचं गणित मांडताय? या चुका टाळा

लोकसभेच्या निकालाच्या रात्री मी वर्षानुवर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर बसून बातम्यांच्या कॉप्या तपासल्या आहेत. बातमीदारांची बेरीज सहसा चुकत नाही. चुकतं ते बेरजेत कोणाला आणि कशाच्या भरवशावर धरायचं, हे. चहाच्या टपरीवर वाद घालणाऱ्यांचंही नेमकं तिथेच फसतं.

'272 झाले, सरकार पक्कं'

543 चं निम्मं अधिक एक म्हणजे 272, इथपर्यंत ठीक. पण सभागृहात निकाल लागतो तो हजर राहून मत देणाऱ्यांच्या संख्येवर. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव 269 विरुद्ध 270 मतांनी फेटाळला गेला. हा आकडा पुन्हा वाचा: सरकार पाडणाऱ्यांकडेही 272 नव्हते. 28 जुलै 1993 ला नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव 251 विरुद्ध 265 असा पडला, म्हणजे तेव्हा सरकार तरलं तेही 265 वर. म्हणून एखादा छोटा पक्ष 'आम्ही तटस्थ राहू' म्हणाला, तर त्याला मोजणीतून वगळून मोकळं होऊ नका. तटस्थ माणूस बहुमताची रेघच खाली ओढतो.

'सगळ्यात मोठ्या पक्षालाच आधी बोलावतात'

राज्यघटनेच्या कलम 75 मध्ये एवढंच आहे की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील. आधी कोणाला बोलवायचं, यावर घटना गप्प आहे. राहतात ते पायंडे, आणि तेही राष्ट्रपतीगणिक बदललेत. 1989 मध्ये काँग्रेस 197 जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता, पण राजीव गांधींनी सत्तास्थापनेचा दावा केला नाही. 143 जागांच्या जनता दलाचे व्ही. पी. सिंह पंतप्रधान झाले. 1996 मध्ये शंकरदयाळ शर्मांनी 161 जागांच्या भाजपला बोलावलं आणि ते सरकार 13 दिवस टिकलं. दोन वर्षांनी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींकडे शपथेआधीच मित्रपक्षांच्या पाठिंब्याची पत्रं मागितली. अण्णाद्रमुकच्या जयललितांचं पत्र येईना, तेव्हा अख्खी दिल्ली त्या एका कागदाची वाट बघत होती. 'पाठिंबा जाहीर केला' आणि 'पत्र दिलं' या दोन वेगळ्या बातम्या आहेत, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

बाहेरचा पाठिंबा आतल्याइतकाच धरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मंत्रिमंडळात बसलेल्या पक्षावर सामूहिक जबाबदारी येते; निर्णय पटो न पटो, तो आपलाच म्हणावा लागतो. बाहेरून टेकू देणाऱ्याला ते बंधन नाही. तो सकाळी सरकारवर टीका करतो, संध्याकाळी सरकारच्या बाजूनं मत देतो, आणि सोडून जायचं ठरलं तर त्याला एका खुर्चीवरही पाणी सोडावं लागत नाही.

चरणसिंग 28 जुलै 1979 ला पंतप्रधान झाले. आपले यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसनं पाठिंबा काढला आणि 20 ऑगस्टला लोकसभेला सामोरं न जाताच राजीनामा. चंद्रशेखर साठ-पासष्ट खासदारांच्या गटावर नोव्हेंबर 1990 मध्ये पंतप्रधान झाले, टेकू काँग्रेसचा. मार्च 1991 ला राजीनामा. देवेगौडा आणि गुजराल, तीच कथा, तोच टेकू. सगळा दोष काँग्रेसच्या माथी मारण्याचंही कारण नाही, व्ही. पी. सिंह यांचा पाठिंबा भाजपनं काढला होता. 2004 मध्ये मनमोहन सिंग सरकारला टेकू देताना डाव्यांनी मंत्रिपदं घेतली नाहीत, सोमनाथ चटर्जींना लोकसभाध्यक्ष केलं, किमान समान कार्यक्रम लिहून घेतला, आणि 2008 मध्ये अणुकरारावरून बाहेर पडले. ते सरकार 22 जुलैला 275 विरुद्ध 256 असं वाचलं, तेही नवे मित्र मिळाले म्हणून.

मी तेव्हापासून कागदावर तीन रकाने आखतो: मंत्रिमंडळात असलेले, लेखी पत्र देऊन बाहेर थांबलेले, नुसतं तोंडी बोललेले. तिसऱ्या रकान्याची बेरीज करतच नाही.

मंत्रिपदं जागांच्या प्रमाणात वाटणं

'सात खासदार, म्हणजे दोन कॅबिनेट' असलं त्रैराशिक मांडू नका. जून 2024 मध्ये हिंदुस्तानी आवाम मोर्चाच्या एकुलत्या एका खासदाराला, जीतनराम मांझींना, कॅबिनेट मिळालं. सात खासदारांच्या शिंदे शिवसेनेला मिळालं एक राज्यमंत्रिपद, स्वतंत्र प्रभाराचं. अजित पवारांच्या राष्ट्रवादीनं तसंच पद नाकारलं, कारण प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेट मंत्री राहिलेले. जात, राज्य, येऊ घातलेली विधानसभा, जुना मान, सगळं त्या तराजूत पडतं. वर 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीची मर्यादा: पंतप्रधान धरून लोकसभेच्या 15 टक्के, म्हणजे 81. जून 2024 मध्ये 72 जणांचं मंत्रिमंडळ झालं. उरलेल्या जागा पंतप्रधान हातच्या म्हणून राखतात, ते उगाच नाही.

आणि खातं मित्रपक्षाकडे गेलं की त्या मंत्र्याचा खरा मालक कोण, हेही विचारा. मार्च 2012 मध्ये तृणमूलचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी रेल्वे अर्थसंकल्पात किलोमीटरमागे 2 ते 30 पैसे भाडेवाढ मांडली. ममता बॅनर्जी भडकल्या. आठवड्याच्या आत त्रिवेदी गेले आणि मुकुल रॉय आले. नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्यानं, नाव कोलकात्याहून.

युती, आघाडी आणि पक्षांतरबंदी

आपल्या मराठी बातम्यांनी एक घोळ घालून ठेवलाय: भाजप-सेना म्हणजे युती, काँग्रेसवाले म्हणजे आघाडी. दिल्लीत मात्र भाजपचीही राष्ट्रीय लोकशाही आघाडीच (एनडीए). पक्षांतरबंदी कायद्याला या दोन्हींशी देणंघेणं नाही. हा कायदा म्हणजे घटनेचं दहावं परिशिष्ट, आणि ते पाहतं पक्षाकडे. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, पक्ष काढतो, आघाडी काढू शकत नाही. अख्खा पक्ष उठून समोरच्या बाकावर गेला तरी एकाही खासदाराचं पद जात नाही. तेलुगू देसम मार्च 2018 मध्ये एनडीए सोडून गेली तेव्हा हेच दिसलं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सप्टेंबर 2012 मध्ये तृणमूल काँग्रेसच्या आघाडीतून, यूपीएतून, बाहेर पडली त्या रात्री, पान सोडायच्या घाईत, 'तृणमूल खासदारांवर अपात्रतेची टांगती तलवार' असा मथळा मीच दिला. सकाळी सातला एका निवृत्त वकील वाचकाचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, 'अहो, तलवार टांगलीय कशाला, ते तरी छापायचं.' दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा गेला, तोही मीच लिहिला.