स्ट्रोक किंवा हार्ट अटॅकनंतरचा रक्तदाब: कोणी पाहायचं, कोणी बदलायचं

स्ट्रोक किंवा हार्ट अटॅकमधून उठलेल्या माणसाचं बीपी चढंच राहतं, तेव्हा दोष दर वेळी गोळीचा नसतो. वाढलेला आकडा कुणीतरी पाहतं, "पुढच्या वेळी बघू" म्हणतं आणि त्याच गोळ्या पुन्हा लिहून देतं. हृदयाच्या डॉक्टरांना वाटतं फॅमिली डॉक्टर बघतील. फॅमिली डॉक्टर म्हणतात, मोठ्या डॉक्टरांच्या गोळ्यांना आपण कशाला हात लावा? यात महिने निघून जातात. म्हणून रुग्णाला सांभाळणारी टीम, म्हणजे डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट, बांधताना पहिलं काम एकच: कोणता आकडा दिसला की कोणी, किती दिवसांत, काय करायचं हे लिहून ठेवणं.

डिस्चार्जच्या दिवशीच हा कागद तयार व्हावा. त्यावर बीपीचं लक्ष्य, प्रत्येक गोळीचं नाव, डोस आणि वेळ, पुढच्या तपासणीची तारीख आणि आकडे कळवायला एका माणसाचं नाव व फोन. एकाच माणसाचं, कारण तिघांवर सोपवलेलं काम कुणाचंच राहत नाही. लक्ष्य बहुतेकांसाठी 130/80 च्या खाली असतं. रुग्ण फार थकलेला असेल किंवा उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर डॉक्टर ते सैल करतात. तसं असेल तर तेही कागदावर यावं. स्ट्रोकच्या पहिल्या काही दिवसांचे नियम वेगळे असतात, तेव्हा घरच्या आकड्यांची घाई नको.

घरी मोजणं

टीमचा प्रत्येक निर्णय घरच्या आकड्यांवर उभा असतो, त्यामुळे इथे ढिलाई चालत नाही. मनगटाचं नको, दंडावर बांधायचं प्रमाणित यंत्र घ्या. दंडाचा घेर टेपने मोजून पट्टा निवडा. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच वर दिसतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम टाळा, लघवी करून या आणि पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, दंड उघडा आणि छातीच्या पातळीवर टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

लकव्याने एक हात कमजोर झाला असेल तर चांगल्या हातावर मोजा. लुळ्या किंवा ताठरलेल्या हातावरचा आकडा फसवा निघू शकतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

आकडा वर आला तर

सरासरी लक्ष्याच्या वर असली की नर्स किंवा फार्मासिस्टने त्याच आठवड्यात तीन गोष्टी तपासाव्यात. मोजणं बरोबर होतं का? गोळ्या खरंच पोटात जातात का? दुकानातून नेलेल्या पाकिटांच्या तारखा पाहिल्या की हे कळतं. आणि बीपी वाढवणारं दुसरं काही चालू आहे का? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं हमखास इथे सापडतात. या तिन्हींत काही निघालं नाही तर ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या पायऱ्यांप्रमाणे, डोस वाढवायचा किंवा दुसरं औषध जोडायचं. शक्य तिथे दोन औषधं एकाच गोळीत द्यावीत. गोळ्या जितक्या कमी, तितक्या चुकायच्या कमी. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मार्गदर्शिका प्रशिक्षण, गोळ्या लिहून देण्याचा अधिकार, लेखी प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची देखरेख असेल तर हे काम नर्स व फार्मासिस्टकडे सोपवता येईल असं सांगते. औषध बदलल्यावर दर महिन्याला तपासणी, आटोक्यात आल्यावर 3 ते 6 महिन्यांनी.

फार्मासिस्टकडे आणखी एक काम द्यावंच. स्ट्रोकनंतर गिळायला त्रास होतो म्हणून घरचे गोळ्या कुटून देतात. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो आणि बीपी कोसळतं. कोणती गोळी कुटता येते, कोणत्या गोळीऐवजी दुसरी हवी, हे यादीवर खूण करून द्यावं.

रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासतात, मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर लवकर. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं म्हणून घाईने गोळी बंद करू नये, पोटॅशियम 5.5 mmol/L च्या वर गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. अशा रुग्णाने पोटॅशियमयुक्त "कमी सोडियमचं" मीठ न विचारता वापरू नये. साधं मीठही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत.

रामिप्रिलने कोरडा खोकला आला तर खोकल्याचं औषध न देता गोळी बदलतात. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीने घोट्याला सूज येऊ शकते. तिच्यावर लघवीची गोळी देत बसण्यात फारसा अर्थ नाही, डोस किंवा औषध बदलावं. हार्ट अटॅकनंतर चालू असलेली मेटोप्रोलोलसारखी हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी मनाने एकदम बंद करू नका, छातीत दुखणं उसळू शकतं.

फिजिओथेरपिस्टना टीममध्ये हमखास विसरलं जातं, खरं तर रुग्णाला उभं तेच करतात. बसून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजायला त्यांना सांगा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तोच निरोप कागदावरच्या माणसाकडे जावा, नाहीतर पुढचा डोस वाढवताना रुग्ण पडतो.

180/120 किंवा त्याहून जास्त दिसलं तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. त्रास काही नसेल तर जादा गोळी न घेता त्याच दिवशी टीमला फोन करा. पण छातीत दुखणं, धाप, चेहरा वाकडा होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं किंवा अचानक दिसेनासं होणं यातलं काहीही असेल, तर आकडा कितीही असो, टीमच्या फोनची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून सोबत न्या. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणारं औषध देता येईल का, हे तिच्यावरून ठरतं.