टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि स्पार्क प्लग घरी बदलताना

पेट्रोल गाडीच्या टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचे) गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी पट्टी, आणि स्पार्क प्लग ही दोन कामे एकाच वेळी करावीत, असा माझा आग्रह आहे. गॅस्केटचे रबर वर्षानुवर्षे उष्णता सोसून कडक होते आणि तेल कव्हरच्या कडेने पाझरू लागते. ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडले की गाडी थांबवल्यावर जळकट वास येतो. त्याच कव्हरमध्ये प्लगच्या विवराभोवती, म्हणजे प्लग ज्या खोल नळीत बसतो तिच्याभोवती, गोल सील असतात. ते कडक झाले की तेल थेट विवरात उतरते, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलचे रबरी टोक फुगते आणि इंजिन अडखळू लागते. अशा विवरात केवळ नवे प्लग बसवले, तर खर्च होतो आणि दुखणे तसेच राहते.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामधले गॅस्केट, मात्र घरी बदलू नये. त्यासाठी टायमिंगची चेन किंवा पट्टा उतरवावा लागतो, हेडचा पृष्ठभाग वाकला आहे का हे तपासावे लागते आणि हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या कोनात आवळावे लागतात. ते अनुभवी मेकॅनिकचे काम आहे. गोव्यात पावसाळ्यात अनेकांना एक शंका छळते, तिचा उल्लेख येथे आवश्यक आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट, साईसारखा थर दिसला की हेड गॅस्केट गेले असे समजून लोक धास्तावतात. घर ते बाजार एवढ्याच छोट्या फेऱ्या होत असतील, तर इंजिन पुरते तापत नाही आणि ज्वलनातून आणि दमट हवेतून येणारी वाफ आतच साचून असा थर धरू शकते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत नसेल, धूर सतत पांढरा येत नसेल आणि डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल स्वच्छ असेल, तर एक लांब फेरी मारून पुन्हा पाहावे. कूलंट घटत असेल, तर मात्र गाडी न चालवता गॅरेजला कळवावे.

म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या सुट्या भागांच्या दुकानात जाताना आरसी बुक सोबत न्यावे, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक इंजिन बदलते आणि गॅस्केट चेसिस क्रमांकावरूनच नेमके मिळते. गॅस्केटसोबत विवरांचे सील मिळतात का हे विचारून घ्यावे. प्लग अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत. बाजारात नकली प्लग हुबेहूब वेष्टनात येतात. हत्यारांमध्ये १० मिमीचा सॉकेट, १६ किंवा १४ मिमीचा प्लग सॉकेट, लांब एक्स्टेंशन, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्यांचा संच) आणि लहान मापाचा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळणारा पाना) लागतो. टॉर्क रेंच नसेल, तर तो मिळेपर्यंत काम पुढे ढकलावे.

इंजिन पूर्ण थंड असावे, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे उखडण्याचा धोका असतो. जागा वाऱ्यापासून आडोशाची निवडावी. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात किंवा जांभ्याच्या कच्च्या अंगणात तांबडी धूळ हेडवर उतरायला वेळ लागत नाही, आणि कव्हर उघडे असताना गेलेली धूळ ऑइलबरोबर थेट बेअरिंगपर्यंत जाते. बॅटरीची ऋण तार सोडवून कामाला लागावे.

कॉइलच्या तारांचे कनेक्टर खटके दाबून अलगद सोडवावेत; जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. प्रत्येक कॉइलवर क्रमांक लिहून ती बाहेर काढावी. विवरात तेल असेल, तर ते कापडाने टिपून घ्यावे, पण जुने प्लग अजून काढू नयेत. कव्हर उतरवून साफसफाई होईपर्यंत तेच प्लग सिलिंडरची तोंडे बंद ठेवतात.

कव्हरचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल करावेत. कव्हर चिकटले असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नये. लाकडी दांड्याने किंवा रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके द्यावेत. जुने गॅस्केट आणि सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडे करावेत. टायमिंग चेनचे कव्हर हेडला जेथे भेटते, त्या सांध्यांवर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सिलिकॉनचा लहान ठिपका द्यावा. पावसाळ्यात सिलिकॉन वाळणार नाही ही भीती निराधार आहे, कारण ते हवेतील आर्द्रतेनेच घट्ट होते. त्याला नको असतो तो पृष्ठभागावरील तेलाचा ओशटपणा.

नवे गॅस्केट खाचेत सर्वत्र बसले आहे याची बोटाने खात्री करून कव्हर सरळ खाली ठेवावे. बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळावेत. बहुतेक गाड्यांत येथे साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क असतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. गळती थांबावी म्हणून अधिक आवळल्यास कव्हर वाकते आणि गळती वाढते.

आता विवरे पुन्हा स्वच्छ करून एकेक प्लग काढावा आणि क्रमाने मांडून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक आहे; कोरडी काळी काजळी पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे, आणि आट्यांपुढच्या टोकावरचा ओला तेलकटपणा सिलिंडरमध्ये तेल जळत असल्याचे सांगतो. नव्या प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते त्या फटीचे अंतर फीलर गेजने मोजावे. इरिडियमच्या प्लगचे बारीक टोक मोडते, त्यामुळे त्यावर जोर देऊ नये. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून तो हातानेच आट्यांत फिरवावा. आटे वाकडे लागले, तर नळी घसरते आणि हेड वाचते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिमी आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, तर १२ मिमीच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर पुरतात. खाऱ्या हवेमुळे गंज चढेल म्हणून आट्यांना ग्रीस लावण्याचा मोह किनारपट्टीवर अनेकांना होतो. नामवंत कंपन्यांच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, आणि ग्रीसमुळे तोच टॉर्क प्रत्यक्षात अधिक आवळतो. ग्रीस लावायचेच तर कॉइलच्या रबरी टोकाच्या आत, विद्युतरोधक प्रकारचे, अगदी थोडे लावावे.

सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेला अवधी उलटल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. सुरू केल्यावर दहा मिनिटे चालू ठेवून कव्हरच्या कडा टॉर्चने पाहाव्यात, ऑइलची पातळी तपासावी आणि दोन-तीन दिवसांनी त्या कडा पुन्हा पाहाव्यात. तेलाने भिजलेली कापडे परसातल्या विहिरीजवळ किंवा गटारात टाकू नयेत. बंद डब्यात साठवून, जुने ऑइल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावीत.