हातकागदाच्या कार्डावर टाके घालताय? या चुका टाळा

पहिली चूक सुई हातात घेण्याआधीच होते. हातकागद बोटांना कापडासारखा लागतो. मऊ, जरा फुगीर, कडा ओबडधोबड. आणि एका अर्थी तो कापडच असतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून असलेल्या हातकागद संस्थेतला घ्या किंवा जयपूरजवळच्या सांगानेरचा घ्या, चांगला हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा. ज्या कार्डावर तुम्ही टीप मारणार ते कधीकाळी कुणाचं तरी बनियन असू शकतं.

पण लगदा झाला तिथेच विणीचा संबंध संपला. कापडात सुई उभ्याआडव्या धाग्यांना बाजूला सारून जाते आणि ती निघाली की धागे आपल्या जागी येतात. कागदात नुसते तंतू एकमेकांत अडकून बसलेले असतात. सुई त्यांना तोडूनच जाते. टीप उसवता येते, भोक उसवता येत नाही. माझी सुरुवातीची बहुतेक कार्डं वाया गेली ती एवढं एक न कळल्यामुळे.

ब्लाउजच्या सेटिंगवर कार्ड शिवणं

माझी पहिली तीस दिवाळीची कार्डं अशीच गेली. मशीनवर आधी ब्लाउज शिवला होता, टाका तसाच बारीक ठेवून कार्डाच्या चारी बाजूंनी झकास टीप मारली. दिसायला सुरेख. घडी घालायला घेतली आणि कड सरळ टिपेवरून सुटून आली, पोस्टाच्या तिकिटांच्या पानातून तिकीट निघावं तशी.

हिशोब साधा आहे. पंधरा सेंटिमीटरच्या ओळीत दोन मिलिमीटरचा टाका घेतला तर पंचाहत्तर भोकं पडतात. चार मिलिमीटरचा घेतला तर अडतीसच्या आसपास. कागद तोच, दोरा तोच, आणि भोकं निम्मी. कार्डासाठी टाका साडेतीन ते चारच्या खाली आणू नका. जुन्या काळ्या, पायाने चालवायच्या मशीनवर टाका लहानमोठा करायच्या खटक्यापुढचे आकडे पुसट झालेले असतात किंवा त्यांचा मेळ लागत नाही. अशा वेळी रद्दी कागदावर टीप मारून पट्टीने मोजा. एका इंचात सहा टाके आले की काम झालं.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे टीप संपली की मागेपुढे मारून पक्की करणं. शिवणकाम शिकलेल्या प्रत्येकीच्या हाताला ही सवय असते, मेंदूला विचारावंच लागत नाही. कागदावर त्या एका जागी दहाबारा भोकं पडतात आणि कोपरा भुसभुशीत होतो. त्याऐवजी सुरुवातीला आणि शेवटी दोरा वीतभर मोकळा सोडा. वरचा दोरा हातशिवणाच्या सुईत ओवून शेवटच्या भोकातून मागे घ्या, दोन्ही दोऱ्यांची गाठ मारा, वर कागदी टेपचा तुकडा. मागची बाजू तशीही झाकायचीच असते.

टीप काठापासून किमान पाच-सहा मिलिमीटर आत हवी. हातकागदाचा कच्चा काठ दिसायला सुंदर असतो खरा, पण तिथे लगदा पातळ होत गेलेला असतो. त्याच्या मोहात पडून अगदी कडेने टीप मारली की कडेचा तुकडा हातात येतो.

कागद न बघता घेणं

झेंडूच्या पाकळ्या, गवताची पाती, कांद्याची सालं घातलेले कागद दुकानात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात. मलाही भरतात. पण सुई नेमकी पाकळीवर पडली की पाकळी उडते आणि तिच्याखाली कागद जवळजवळ नसतोच. असा कागद कार्डाच्या आतल्या पानाला ठेवा. शिवायचा असेलच तर उजेडासमोर धरा, पातळ जागा लगेच दिसतात. मग टीप कुठून न्यायची ते ठरवा. साधा सुती कागद दीडशे ते अडीचशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) असेल तर मशीनलाही चालतो आणि हातालाही. त्याहून फार जाड असेल तर मोटर सोडा आणि चाक हाताने फिरवा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. हातकागद हवेतला ओलावा शोषून घेतो, लोळागोळा होतो, आणि फाल्गुनात सहज झालेलं काम श्रावणात फाटत जातं. आदल्या रात्री कागद वर्तमानपत्रांत घालून जड पुस्तकांखाली ठेवला की सकाळी बराच ताठ झालेला असतो.

मशीन कुरकुरतंय, म्हणजे नेमकं काय बिघडलंय

कागदावर सुईचा आवाज कापडापेक्षा मोठाच येतो, टक टक टक. त्याला घाबरायचं कारण नाही. पण आवाज बदलून फट फट यायला लागला आणि कार्डाच्या मागे भोकाभोवती कागद फुटलेला दिसला तर सुई बोथट झाली आहे. कागद सुईला कापडापेक्षा लवकर मारतो. अकरा नंबरची सुई लावा, दोरा जाड असेल तर चौदा. सोळा नंबरच्या सुईचं भोक लांबूनही दिसतं. चामड्यासाठी मिळणारी सुई तर मुळीच नको. तिचं टोक पात्यासारखं असतं, ती भोक पाडत नाही, चीर देते.

कार्डाच्या मागे दोऱ्याचा गुंता किंवा सैल फासे दिसले की बहुतेक जण बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात आणि तिच्या पेटीचा इवलासा स्क्रू फिरवत बसतात. नव्वद टक्के वेळा चूक वर असते. दोरा टेन्शनच्या, म्हणजे त्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. दाबाचा पाय वर उचला, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, मग बघा. याउलट कार्डच टिपेच्या बाजूने पन्हळीसारखं वळत असेल, किंवा दोरा दोन भोकांमधला कागद कापत असेल, तर वरचा ताण जास्त आहे. कापडापेक्षा एक-दीड आकडा सैल ठेवा. हे सगळं त्याच कागदाच्या कातरणावर करून बघायचं, कार्डावर नाही. मी कातरणं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवते, घरचे त्याला कचरा म्हणतात.

कार्डाच्या खालच्या बाजूला आडव्या बारीक रेघा उमटतात त्या मशीनच्या दातांच्या. कार्डाखाली पातळ कागदाची पट्टी घालून शिवा आणि नंतर ती अलगद फाडून काढा. फाडताना टीप बोटाने दाबून धरा, नाहीतर जे वाचवायचं तेच ओढलं जाईल.

वळण घेताना सुई कागदात खाली असली पाहिजे. सुई वर असताना कार्ड फिरवलं की कोपऱ्यावरचा टाका तिरका पडतो आणि तो दुरुस्त होत नाही. शेवटचे दोन टाके चाक हाताने फिरवून घ्या, सुई खाली ठेवा, पाय उचला, कार्ड फिरवा. गोल आकार शिवायचा असेल तर हेच दर तीन टाक्यांनी. कंटाळवाणं आहे, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

जरीचा दोरा मशीनच्या सुईत घालून तुटला म्हणून वैतागणाऱ्यांसाठी एक युक्ती. जरीचा दोरा बॉबिनवर गुंडाळा, वर साधा त्याच रंगाचा दोरा लावा आणि कार्ड पालथं घालून शिवा. जरीला सुईच्या डोळ्यातून पुन्हा पुन्हा घासत जावं लागत नाही, आणि सुलट बाजूला ती छान उठून दिसते.

आधी चिकटवलं, मग शिवलं

फेविकॉल ओला असताना त्यावरून टीप मारली की सुईची राड होते, टाके सुटतात, आणि त्या चिकट सुईला कागदाचा भुसा लागून तिचं माप वाढतं. दुहेरी चिकटपट्टीवरून शिवणं त्याहून वाईट, कारण ती वाळत नाही. तुकडा जागेवर धरायचा असेल तर टीप जाणार नाही अशा मध्यभागी ग्लू स्टिकचा ठिपका लावा. सुई चिकट झालीच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पाणीदार गोंदाने हातकागद सुरकुततो हे तर वेगळंच.

आणि एक चूक जी प्रत्येक जण एकदा करतो, आणि मी दोनदा केली आहे: घडी घातलेलं कार्ड मशीनखाली सरकवून शिवणं. पुढचं पान, मागचं पान, सगळं एकत्र. कार्ड उघडतच नाही. कार्ड नेहमी उघडं, सपाट ठेवून शिवा. घडीची रेघ मात्र आधीच बोथट सुरीच्या पाठीने दाबून ठेवा, म्हणजे टीप घडीवर तर जात नाही ना ते दिसतं. घडीवरून आडवी टीप गेली तर दर वेळी कार्ड उघडताना दोरा भोकं मोठी करत राहतो.

हाताने शिवताना

हातशिवणात लोक घाई करतात ती भोकांची. सुई सरळ कागदात खुपसायची, मागून अंदाजाने वर काढायची, चुकली की शेजारी पुन्हा. कार्डाला देवी आल्यासारखं दिसतं. आलेखाच्या कागदावर नक्षी काढा, तो कार्डावर क्लिपने लावा, खाली जुना माऊसपॅड किंवा चार पदरी टॉवेल घाला, आणि टाचणीने किंवा बारीक आरीने सगळी भोकं आधी पाडून घ्या. नेहमी सुलट बाजूने पाडा, म्हणजे भोकाचा उठाव मागे जातो. दोन भोकांत चार-पाच मिलिमीटर अंतर पुरे.

भरतकामाच्या सहापदरी लच्छीतले दोन, फार तर तीन पदर घ्या. दोरा हातभरापेक्षा लांब नको. लांब दोरा पुन्हा पुन्हा ओवायचे कष्ट वाचवतो खरा, पण पहिल्या भोकातून तो पूर्ण लांबीने घासत जातो आणि भोक कातरतो. ओढताना दोरा कागदाच्या पातळीत ओढा, वर हिसका देऊ नका. लाल, गडद निळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा. रंग जात असेल तर गोंदाच्या एका थेंबाने अख्खं कार्ड गुलाबी होईल.

टाका कुठला, हा प्रश्न कापडापेक्षा कागदावर जास्त महत्त्वाचा. साखळी टाका कार्डावर टाळाच, तो ज्या भोकातून वर आला त्यातूनच परत खाली जातो आणि दोरा तिथे फासासारखा आवळतो. धावदोरा सगळ्यात सोसणारा. आणि माझा आवडता म्हणजे कसुतीतला गावंती. धारवाडकडची ही भरतकामाची कला, इरकल लुगड्यांच्या पदरावर पाहिली असेल. गावंतीत आधी साध्या धावदोऱ्याने जायचं आणि परत येताना राहिलेल्या जागा भरायच्या. नक्षी दोन्ही बाजूंना सारखी दिसते, मागे लांब उड्या राहत नाहीत, आणि वाटेवरच्या भोकातून दोरा दोनदाच जातो. कसुती धागे मोजून केली जाते. कागदावर मोजायला धागे नाहीत, म्हणून आलेखाचा कागद.

याउलट सरळ रेघांतून वक्र आकार काढायची दोऱ्यांची नक्षी. ती कार्डावर अप्रतिम दिसते. एकोणिसाव्या शतकात मेरी एव्हरेस्ट बूल यांनी मुलांना भूमिती कळावी म्हणून ती वापरली. गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या त्या पत्नी, आणि ज्यांचं नाव पर्वतशिखराला आहे त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. गडबड होते ती जिथे सगळे दोरे एकाच बिंदूत आणले जातात. एका भोकात सहा-आठ दोरे म्हणजे तो तुकडा गळून पडणार. बिंदूऐवजी तीन-चार मिलिमीटरचं छोटं वर्तुळ करा आणि भोकं त्यावर वाटून द्या. लांबून बिंदूच दिसतो.

चुकीचं भोक पडलंच तर

सुती हातकागदावर थोडी आशा असते. दोरा काढून घ्या, मागच्या बाजूने ओल्या बोटाने जागा जेमतेम दमट करा आणि चमच्याच्या पाठीने हळूहळू घासा. तंतू फुगून जवळ येतात. भोक नाहीसं होत नाही, पण हातभर अंतरावरून दिसतही नाही. गिरणीच्या गुळगुळीत कार्डशीटवर हे जमत नाही. तिथे एखादं बटण शिवा आणि ते मुद्दामच होतं असं सांगा.

टिपेने कार्ड वाकलं असेल तर पालथं घालून वर सुती कापड ठेवा आणि इस्त्री कोमट फिरवा, वाफ नको. पॉलिएस्टरचा दोरा वापरला असेल तर इस्त्रीपेक्षा जड पुस्तकं बरी. मागच्या गाठी झाकायला आत एक कोरं पान चिकटवा, आणि मजकूर त्या पानावर चिकटवण्याआधीच लिहून घ्या. गाठींच्या उंचवट्यांवर पेन अडखळतं.

टपालाने पाठवायचं असेल तर आरसे, मणी, बटणं यांच्यावर जाड पुठ्ठा घाला. पाकिटावर शिक्का जोरात बसतो, आणि तो नेमका आरशावरच बसतो.

मशीन आवरताना बॉबिनची पेटी काढा आणि दातांमधला कागदाचा भुसा ब्रशने झाडा. तो तेलात मिसळला की लापशी होते. तेल घातलंच तर आधी चिंधीवर दोन ओळी शिवून घ्या, नाहीतर पुढच्या कार्डावर पिवळा डाग ठरलेला. सुई मात्र तशीच ठेवून उठू नका. मी एकदा उठले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच सुईने रेशमी ब्लाउजला टीप मारायला घेतली आणि पहिल्या वितीतच धागे ओढले गेले. तेव्हापासून कागदाच्या सुया वेगळ्या काडेपेटीत असतात आणि काडेपेटीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, "हिच्या".