बेक्ड फ्रेंच टोस्ट: मधला कच्चेपणा असा गेला

रात्री भिजवून सकाळी भाजायचा बेक्ड फ्रेंच टोस्ट दहा-बारा जणांना आरामात पुरतो. पण कडा करपतात आणि मध्ये अंड्याचा लगदा राहतो, ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा ओव्हनचा नसतो, ताज्या ब्रेडचा असतो. मऊ ब्रेड अंडी-दुधाचं मिश्रण नीट शोषत नाही, ते तळाशी साचतं.

५०० ग्रॅम ब्रियॉशचे (लोणी-अंडी घातलेला मऊ फ्रेंच ब्रेड; नसेल तर साध्या जाड ब्रेडचे) इंचभर तुकडे १५० अंशांवर १५ मिनिटं सुकवले आणि प्रश्न सुटला. ९ बाय १३ इंचांच्या ट्रेला ८ अंडी, ५०० मिली दूध, २०० मिली क्रीम, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ. तुकडे हाताने हलके दाबून, झाकून फ्रिजमध्ये.

लोणी आणि ब्राऊन शुगरचा थर मात्र सकाळीच; रात्री घातला तर साखर विरघळून कुरकुरीतपणा जातो. काचेचा ट्रे फ्रिजमधून थेट गरम ओव्हनमध्ये गेला तर तडकू शकतो, त्यापेक्षा धातूचा बरा. १७५ अंशांवर ३० मिनिटं फॉइल झाकून, मग २० मिनिटं उघडा. मध्यभागी तापमान ७५ अंश झालं की बाहेर काढा, पण कापायला १० मिनिटं थांबा.